कार्डाच्या मागची ओळ

विट्याला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. छत्री आणि सेटटॉप बॉक्स विकायला लागलो तेव्हापासून जवळजवळ पंधरा वर्षं मी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत आलो: बॉक्स विकत घ्या, भाड्याच्या फंदात पडू नका. गिऱ्हाईक घुटमळलं, तर कागदावर हिशेब मांडून दाखवायचो. महिन्याचं भाडं, त्याला बाराने गुणायचं, त्याला पाचाने गुणायचं, आणि बघा, एवढ्यात बॉक्स तुमच्या मालकीचा झाला असता. लोकांना पटायचं, कारण मला स्वतःला ते मनापासून पटलेलं होतं.

आज मी तसं सांगत नाही. पैसे भरून चॅनेल बघायचे असतील आणि भाड्याची सोय मिळत असेल, तर बॉक्स भाड्यानेच घ्या, असं सांगतो. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांवर लोकांनी माझ्या शब्दावर पैसे घातले. त्यांच्यासाठी तरी हे लिहून ठेवणं मला भाग आहे.

माझं आधीचं मत कुठून आलं, हे आधी सांगतो. माझे वडील, आण्णा, यंत्रमागावर कामाला होते आणि आम्ही सात जण भाड्याच्या एका खोलीत राहायचो. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागायचं. १९८१ साली आण्णांनी दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं, तेव्हा सामान लावायच्या आधी त्यांनी काय केलं, तर हातोडी घेऊन भिंतीत एक खिळा ठोकला. त्यावर काही टांगायचंही नव्हतं. तो खिळा अजून तिथे आहे. भाड्याची वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीची वस्तू, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं.

१९८६ साली दुकान टाकलं, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं मी कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने द्यायचो. रात्रीत तीन पिक्चर, सकाळी सहाला सेट परत. एका घराने गणपती, बारसं, साखरपुडा असं करत दीड वर्षात मला एवढं भाडं दिलं की त्यात त्यांचा स्वतःचा पोर्टेबल टीव्ही आला असता. मी ते त्यांना बोलून दाखवलं आणि पुढच्या दिवाळीला त्यांनी घेतलाही. त्या माणसाला टीव्हीचा खोका डोक्यावर घेऊन जाताना पाहिलं, तेव्हा आपण बरोबर सल्ला दिला याचं मला फार समाधान वाटलं होतं. पुढच्या सगळ्या सल्ल्यांची मुळं त्या खोक्यात आहेत.

मग छत्र्या आल्या. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही सुरू झालं. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत सेवा आली, तिलाच पुढे फ्री डिश म्हणू लागले. २००६ साली टाटा स्काय आलं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत आणखी चार कंपन्या. आमच्या भागात वाड्या-वस्त्यांवर केबल पोचलेली नव्हती आणि पोचण्यासारखीही नव्हती. चार घरांसाठी दोन किलोमीटर वायर कोण ओढणार? त्यामुळे छत्री हाच त्या लोकांचा टीव्ही झाला.

दूरदर्शनच्या मोफत सेवेचे बॉक्स मी भरपूर विकले. सुरुवातीला त्यावर तेहतीस चॅनेल दिसायचे. छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसवायची, एलएनबी, म्हणजे छत्रीच्या पुढचा सिग्नल पकडणारा भाग, थोडा फिरवून सिग्नल धरायचा, सह्याद्री वाहिनी दिसली की घरातली म्हातारी माणसं हात जोडायची. ते बॉक्स बिघडले तर मी इथेच दुरुस्त करायचो. वीज कोसळून जळालेले सोडले, तर बहुतेक सगळे मी पुन्हा चालू करून दिलेत. बारा-बारा वर्षं चाललेले बॉक्स माझ्या हाताखालून गेले. विकत घेतलेली, आपल्या मालकीची, आपल्या गावात दुरुस्त होणारी वस्तू. माझ्या मताला याहून भक्कम पुरावा कुठला हवा होता?

माझी चूक इथेच झाली. मोफत सेवेच्या बॉक्सवरून मिळालेला धडा मी पैसे भरून चालणाऱ्या बॉक्सला जसाच्या तसा लावला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तसाच काळा डबा, तसाच लाल-हिरवा दिवा, मागे तशीच वायर.

आमच्या ओळखीच्या एक मावशी विट्याजवळच्या एका वाडीवर राहतात. नवरा लवकर गेला, शेत थोडं, त्यामुळे लोकांच्या लग्नकार्यात भाकरी भाजून देणं हा त्यांचा धंदा. २००९ साली त्यांनी माझ्याकडून एका कंपनीचा बॉक्स घेतला. त्या कंपनीची हप्त्या-भाड्याची योजनाही होती. मावशींचा कल तिकडे होता, कारण हातात एकदम तेवढे पैसे नव्हते. मी त्यांना आण्णांच्या खिळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी पैसे जमवले, दीड महिना थांबल्या आणि विकत घेतला.

२०१७ च्या पावसाळ्यात मावशी तो बॉक्स पिशवीत घालून घेऊन आल्या. बॉक्स चालू व्हायचा, दोन सेकंदांत बंद पडायचा, पुन्हा चालू व्हायचा. असा आजार आम्हाला झोपेतही ओळखू येतो. झाकण काढलं, तर पॉवर सप्लायमधल्या एक हजार मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचा माथा भाकरीसारखा फुगलेला. चांगल्या कंडेन्सरचा माथा सपाट असतो, बोटाने चाचपून कळतं. सोल्डरिंग आयर्न तापवलं, जुना काढला, दहा रुपयांचा नवा बसवला. मीटर लावला, बारा व्होल्ट स्थिर. बॉक्स सुरू केला, तर दिवा हिरवा. मावशी बाकड्यावर बसून चहा पीत होत्या; त्यांना म्हटलं, झालं बघा. मजुरी घेतली नाही.

चार दिवसांनी त्या परत आल्या. बॉक्स चालू होता, दिवा हिरवा होता, पण एकेक मराठी चॅनेल बंद होत चाललं होतं. पडद्यावर सूचना यायची की हा बॉक्स जुना झाला आहे, नवा घ्या. कंपनीने प्रक्षेपणाची पद्धत बदलायला घेतली होती. आधी चित्र एमपीईजी-२ पद्धतीने दाबून पाठवत. नवी एमपीईजी-४ पद्धत तेवढ्याच जागेत जास्त चॅनेल बसवते. कंपनीचा त्यात फायदा होता आणि तांत्रिकदृष्ट्या ते योग्यही होतं. पण जुन्या बॉक्समधल्या चिपला नवी पद्धत उलगडता येत नाही. तिथे कुठला कंडेन्सर बदलणार? मी कंपनीच्या माणसाशी बोललो, तर उत्तर आलं की बॉक्स ग्राहकाच्या मालकीचा आहे, त्यामुळे नव्याचे पैसे ग्राहकाने भरायचे.

ते उत्तर ऐकून मी गप्प झालो. मालकीचा अर्थ मी लोकांना जो सांगत होतो, त्याच्या अगदी उलट अर्थ मला फोनवर ऐकू येत होता. बॉक्स भाड्याचा असता, तर चालणारा बॉक्स घरात ठेवणं ही कंपनीची जबाबदारी होती, बदलून देणं तिला भाग होतं. आणि तरीसुद्धा मी काय केलं? मावशींना पुन्हा विकतच घ्यायला लावला. मत चुकलंय हे कळायला एक धक्का पुरत नाही. कंपनी वाईट निघाली, असं म्हणून मी विषय संपवला.

फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत आली. पहिल्या शंभर चॅनेलसाठी महिन्याला १३० रुपये नेटवर्कचा आकार, त्यावर कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाचे चॅनेल त्याच्या वर वेगळे. माझ्या दुकानात तेव्हा जत्रा भरायची. कुठले चॅनेल ठेवायचे, कुठले काढायचे, हे लोक मला विचारायला यायचे. त्या गर्दीत मावशीही आल्या. त्यांच्या लेकीच्या घरी दुसऱ्या कंपनीची छत्री होती आणि त्यांना हवे होते ते मराठी चॅनेल तिथे कमी पैशात बसत होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला: बॉक्स माझा आहे ना, मग याच्यात ती कंपनी घालून दे.

मी नाही म्हटलं. का नाही, असं त्यांनी विचारलं. पैसे भरून चालणाऱ्या बॉक्सच्या खाचेत एक कार्ड असतं, ते मी बाहेर काढलं आणि त्यांना समजावून सांगू लागलो. आकाशातून येणारं चित्र कुलूपबंद असतं. त्या कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि ती चित्राबरोबरच सांकेतिक रूपात येत राहते. ती उलगडायची ताकद या कार्डात. कुठल्या कार्डाला काय दाखवायचं, याचे हुकूम कंपनीच्या केंद्रातून उपग्रहामार्फत येतात. रिचार्ज केल्यावर बॉक्स चालू ठेवा असं सांगतात ते त्यासाठीच, हुकूम यायला वेळ लागतो. त्यात हे कार्ड याच एका बॉक्सशी बांधलेलं. दुसऱ्या कंपनीचं कार्ड यात चालायचं नाही आणि हे कार्ड दुसऱ्या बॉक्समध्ये चालायचं नाही.

बोलता बोलता मी कार्ड उलटं केलं. त्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं की हे कार्ड कंपनीची मालमत्ता आहे आणि मागितल्यास परत करावं लागेल. मी अशी हजारो कार्डं हाताळली असतील. पुसली, घासली, खाचेत बसवली. ती ओळ मी त्या दिवसापर्यंत वाचलेली नव्हती. ज्या कार्डाशिवाय बॉक्स म्हणजे नुसता डबा, ते कार्ड कधीच कुणाला विकलेलं नव्हतं. मी जे विकत होतो ते काय होतं मग?

मावशींनी ते मला विचारलं नाही. त्यांनी वेगळंच विचारलं. म्हणाल्या, "गॅसची टाकी तू इकत घेतलीस व्हय रं?"

मी म्हटलं, नाही, टाकी कंपनीची असते, आपण डिपॉझिट भरतो.

"आन् ती फुटकी निघाली तर?"

बदलून देतात.

"मग ह्यो डबा त्या टाकीवानीच न्हाई का?"

बाकड्यावर बाकीचे चार जण होते, ते ऐकत होते. मला उत्तर सुचलं नाही. घरी गॅस, वीज, पूर्वीचा फोन, कुठलंच मीटर किंवा टाकी किंवा यंत्र मी कधी विकत घेतलेलं नव्हतं आणि त्याचं मला कधी ओझंही वाटलं नव्हतं. गॅस त्यांचा, म्हणून टाकीची काळजी त्यांनी करायची, हे मला उघड दिसत होतं. बॉक्सच्या बाबतीत मात्र मी आण्णांच्या घराचं माप लावत होतो. पण स्वतःच्या घरात गेल्यावर आण्णांचं भाडं थांबलं होतं. बॉक्स विकत घेतल्यावर मावशींचं महिन्याचं देणं एक रुपयानेही कमी झालं नाही. रिचार्ज संपला की त्यांच्या मालकीचा बॉक्स त्याच रात्री आंधळा होत होता. खिळा ठोकायची मुभा कुठे होती तिथे?

त्यानंतर मी जुने कागद काढून बसलो. मला कायदा कळत नाही, पण माझ्या धंद्याचे नियम तरी वाचायला हवे होते. २००१ साली सरकारने डीटीएचची, म्हणजे छत्रीवरून थेट घरात येणाऱ्या टीव्ही सेवेची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातच म्हटलं होतं की बॉक्स खुल्या रचनेचा असावा, एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या सेवेला चालावा. सुरुवातीच्या काही बॉक्सना त्यासाठी एक खाच होती. दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल त्या खाचेत घालायचं आणि बॉक्स तोच ठेवायचा, अशी कल्पना. मी ती खाच गिऱ्हाइकांना दाखवायचो: बघा, उद्या कंपनी बदलली तरी डबा तुमचाच. पण ते मॉड्यूल जवळपास नव्या बॉक्सच्याच किमतीला पडायचं. त्यात एक कंपनी एमपीईजी-२ वर आणि दुसरी एमपीईजी-४ वर. इतक्या वर्षांत मी त्या खाचेत एकही मॉड्यूल बसवलं नाही. गिऱ्हाइकाला जे स्वातंत्र्य मी दाखवत होतो, ते मीच कधी वापरून पाहिलं नव्हतं. ही गोष्ट मला अजून टोचते.

दुसरा रस्ता पैशाचा होता. ग्राहक सोडून जाताना बॉक्स परत देऊन त्याला काही पैसे परत मिळावेत, हा विचार नियमांत होता. ट्रायने २०१३ साली त्यासाठी दराचा आदेशही काढला. भाड्याच्या योजनेला खरा अर्थ तिथेच येतो, कारण मोकळं होता येतं. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली की एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेलाही चालेल असा असावा आणि टीव्हीलाच यूएसबीतून जोडता येईल अशी सोय असावी. ती शिफारस बॉक्सच्या रूपाने माझ्या काउंटरवर आलेली मी पाहिली नाही. आली, तर हा लेख मी स्वतः फाडून टाकीन आणि पुन्हा विकत घ्यायला सांगेन.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. बॉक्स विकला की मला मार्जिन मिळायचं, भाड्याच्या कनेक्शनवर त्याच्या निम्मंही नाही. मी त्यासाठी सल्ला देत नव्हतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पण सल्ल्यात आणि फायद्यात जेव्हा अंतर नसतं, तेव्हा माणूस सल्ला तपासून बघत नाही. मी तपासला नाही.

भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, मामा, इथे तर भाड्याने लोक वैतागलेत. तिथल्या डायरेक्ट टीव्हीने मार्च २००६ पासून नव्या ग्राहकांना रिसीव्हर विकायचं थांबवून भाडेपट्ट्यावर द्यायला सुरुवात केली. २०१६ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने आकडा मांडला की पैसे भरून टीव्ही बघणारं एक घर बॉक्सच्या भाड्यापोटी वर्षाला सरासरी २३१ डॉलर देतं. हा आकडा मला गप्प करणारा होता. माझ्या जुन्या गुणाकाराचा हाच तर धाक होता. बॉक्सची किंमत वसूल झाल्यावरही भाडं चालूच राहत असेल, तर ती लूट आहे, आणि ते मी आजही म्हणतो.

म्हणून भाडं सुचवताना मी आता कागद वाचायला लावतो. भाडं किती वर्षं, बॉक्स बिघडला तर बदलून देणार का आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का, डिपॉझिट परत मिळणार का आणि बॉक्स नेऊन द्यायचा कुठे. यातलं एक जरी उत्तर कागदावर नसलं, तर घेऊ नका, असं सांगतो. असे कागद बघितल्यावर दोनदा मी गिऱ्हाइकाला परत पाठवलंय. त्या वेळी भाड्यापेक्षा विकतचा बरा होता, आणि तसं मी सांगितलंही.

फ्री डिशला मात्र मी आजही विकतच घ्या म्हणतो आणि जोर देऊन म्हणतो. तिथे महिन्याचं देणं नाही. हुकूम सोडून बॉक्स आंधळा करणारं कुणी नाही. फक्त आता घेताना एमपीईजी-४ वालाच घ्या, कारण काही चॅनेल त्या पद्धतीने येतात. ऊसतोडीला निघालेला एक गडी गेल्या वर्षी बॉक्स आणि छत्री बैलगाडीत बांधून घेऊन गेला. जिथे टोळी उतरेल तिथे आग्नेयेकडे तोंड करून लावीन म्हणाला. त्याला मी दिशा धरायला, एलएनबी फिरवायला शिकवलं. ती वस्तू खरोखर त्याची आहे.

मावशींचं नवं कनेक्शन आम्ही २०१९ च्या मे महिन्यात केलं. लेकीकडे होती त्याच कंपनीचं, बॉक्स भाड्याचा. फॉर्म मी भरला, सही त्यांनी केली, अक्षरं एकेक करून. बसवायला मी स्वतः वाडीवर गेलो. जुन्या दोन्ही छत्र्यांचे पाइप पत्र्यावर तसेच होते, त्यातल्याच एकावर नवी छत्री चढवली. जुने दोन बॉक्स त्यांनी फडक्यात गुंडाळून मला परत दिले, म्हणाल्या, "तुझ्या कामाला येतील." पहिल्यातला मी बसवलेला कंडेन्सर अजून चांगला होता.

टीव्ही सुरू झाल्यावर मी डिपॉझिटची पावती त्यांच्या हातात दिली आणि ही जपून ठेवा, सोडताना लागेल, असं सांगितलं. मावशी उठल्या, चुलीशेजारच्या फळीवरून गॅसचं पुस्तक काढलं. त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात टाकीची पावती होती, पिवळी पडलेली. तिच्या मागे त्यांनी ही नवी पावती सरकवली आणि पाकीट परत फळीवर ठेवून दिलं.